इंजिनाची ऊब

निरोगी माणसाच्या शरीराचे तपमान ३७ अंशांच्या आसपास असते. थंडी असो वा उन्हाळा, ते फारसे हलत नाही. मोटारीच्या इंजिनालाही अशीच एक ठराविक ऊब मानवते. फरक एवढाच, की ती त्याला आपोआप लाभत नाही; प्रत्येक खेपेस ती कमवावी लागते आणि मग राखावी लागते.

उष्णता ही इंजिनाची वैरीण, असे आपण समजतो, आणि ते खोटे नाही. सिलिंडरात इंधन पेटते तेव्हा तेथील वायूचे तपमान क्षणभर २००० अंशांच्याही पुढे जाते. इंजिनातील अ‍ॅल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच वितळते. परंतु गारठाही काही कमी घातक नाही. थंड इंजिनात तेल काकवीसारखे घट्ट असते व दूरच्या भागांपर्यंत लवकर पोचत नाही. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन टाकते. मग धातूवर धातू घासू लागतो.

अतिवेगवान स्पोर्ट्‌स मोटारीत ही ऊब राखणे अधिकच बिकट. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे तयार होणारी पोर्शे ९११ ही मोटार १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तिचे इंजिन मागच्या बाजूस होते आणि त्यात पाण्याचा थेंबही नव्हता! सिलिंडरांना धातूच्या पातळ पट्ट्यांची झालर होती व एक मोठा पंखा तीवर वारा घाली. उरलेली उष्णता तेल वाहून नेई; म्हणूनच पहिल्या ९११ मध्ये सुमारे ९ लिटर तेल लागे.

या तेलाच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्या पोटात मेण असते. तेल थंड असेतो झडप मिटलेली राहते व तेल इंजिनातच फिरते. ते तापले, की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि तेल थंडावण्यासाठी जाळीकडे वळते. पहारेकरी म्हणून मेणाची निवड ज्याला सुचली, त्याचे कौतुकच केले पाहिजे.

पुढे इंजिनांची शक्ती वाढत गेली, तशी हवा अपुरी पडू लागली. १९९७ साली आलेल्या नव्या ९११ मध्ये पाणी खेळू लागले, व १९९८ साली हवेने थंड होणाऱ्या ९११ चे उत्पादन थांबले.

पाणी आले तरी तेलाची चिंता सुटली नाही. पाण्याचा काटा लवकर जागेवर येतो. तेल तापायला त्याहून अधिक वेळ लागतो. जाणता चालक म्हणूनच तेलाच्या काट्याकडे पाहतो. गाडी जागीच उभी ठेवून तो इंजिन तापवीत बसत नाही, कारण तशाने ते फार सावकाश तापते. तो लगेच निघतो, पण तेल ऊन होईपर्यंत वेगाचा मोह आवरतो. आणि शर्यत संपल्यावरही तो तडक थांबत नाही. एक फेरी संथपणे मारतो, म्हणजे वाहत्या तेलापाण्याबरोबर आतली धग हळूहळू उतरते.