इंजिन का थरथरते?

मोटारगाडी सुरू होताना इंजिनाला एक हिसका बसतो आणि मग ते एकसारखे गुणगुणू लागते, हे तुम्ही पाहिले असेल. हा हिसका म्हणजे बिघाड नव्हे. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते. स्टार्टर ते मिनिटाला सुमारे दोनशे फेरे अशा सावकाश गतीने फिरवतो. त्या वेळी बसणाऱ्या धक्क्यांचा ताल आणि आधारांवर इंजिनाच्या डोलण्याचा स्वाभाविक ताल जवळ येतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की झोका वाढतो, तसेच हे आहे. गती वाढली की ताल जुळेनासा होतो आणि हादरा थांबतो.

पण इंजिन सुरू झाल्यावरही थरथर चालूच राहिली तर?

१९८६च्या पावसाळ्यात रत्नागिरीला आमच्या शेजारच्या काकांच्या टॅक्सीला हेच झाले. सकाळी गाडी सुरू केली की आरशात मागचा रस्ता दिसू नये इतका आरसा हले. तीन-चार मिनिटांनी थरथर आपोआप थांबे. "इंजिन खोलावे लागेल," असे त्यांना कोणीतरी सांगितले. इंजिन खोलायचे म्हणजे आठवडाभर टॅक्सी बंद, आणि टॅक्सी बंद म्हणजे घरातली चूल बंद! काकांचा चेहरा उतरला.

या थरथरीचे कारण समजण्यासाठी थोडे गणित करू. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० ठोके देतो. चौघांचे मिळून १६०० ठोके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७. इतके जलद ठोके आपल्याला वेगवेगळे जाणवत नाहीत. आता एक सिलिंडर गप्प बसला असे समजा. मग सेकंदाला सुमारे सात वेळा एकेक ठोका चुकतो. चार माणसांनी उचललेल्या पालखीचा एक खांदा मध्येच निसटावा, तसे इंजिन प्रत्येक वेळी डगमगते. यालाच गॅरेजातले लोक 'इंजिन मिसिंग करतंय' असे म्हणतात.

सिलिंडरात मिश्रण पेटण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणातले मिश्रण, त्याचा पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. यांपैकी काय कमी पडते आहे, हे कसे ओळखावे?

काकांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. थरथर केव्हा होते? रोज होते का? कोरड्या दिवशी होते का? मग सकाळी इंजिन थरथरत असताना, जाड रबरी हातमोजे घालून त्यांनी एकेका स्पार्क प्लगची वायर क्षणभर काढली. पहिली काढताच इंजिन आणखी अडखळले. दुसरीलाही तसेच, चौथीलाही तसेच. तिसरी काढली, तर काहीच फरक पडला नाही! जो मुळात कामच करत नाही, त्याने सुट्टी घेतली तरी कोणाला कळणार? आजारी सिलिंडर सापडला.

इंजिन बंद करून त्याचा प्लग काढला, तर तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होते, पण पेटत नव्हते. दोष प्लगचा की वायरीचा की दाबाचा? थरथर सकाळीच, तीही थोडा वेळ होत असल्याने मिस्त्रींनी दररोज एकच बदल करायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन आणि तीन नंबरचे प्लग आपसात बदलले. तरीही तिसराच सिलिंडर गप्प. म्हणजे प्लग निर्दोष. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच दोघांच्या वायरी आपसात बदलल्या, ठिणगीची पाळी मात्र तीच ठेवली. आता दुसरा सिलिंडर गप्प आणि तिसरा कामाला लागलेला! दोष वायरीबरोबर सरकला होता. तिसऱ्या सिलिंडरातला दाबही ठीक असल्याचे त्यातूनच कळले.

रात्री गाडी बाहेर दमट हवेत उभी होती. पहाटे अंधारात इंजिन सुरू केले, तेव्हा त्या वायरीवर निळसर ठिणग्या दिसल्या. तिच्या आवरणाला बारीक भेगा पडल्या होत्या. रात्रीचा ओलावा त्यांत शिरे आणि हजारो व्होल्टचा दाब प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या धातूत उतरून जाई. इंजिन तापले की भेगा सुकत आणि ठिणगी पुन्हा जागेवर पडे. वायरी बदलल्या, थरथर गेली आणि इंजिन न खोलताच काका स्टँडवर हजर झाले.

आजच्या अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि ठोका चुकला की संगणकच तो टिपतो. 'पी ०३०३' हा संकेत म्हणजे तिसरा सिलिंडर. पण कोणता सिलिंडर ते कळले, तरी कारण शोधावेच लागते. म्हणून आजही मेकॅनिक शेजारच्या सिलिंडराची कॉइल तेथे लावून पाहतात. दुर्लक्ष मात्र करू नये. न जळलेले पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि अतिउष्णतेने तो निकामी होतो. थरथरीबरोबर पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर ते रात्री सिलिंडरात झिरपत असण्याची शक्यता असते. चारही सिलिंडर नीट चालत असतील, तर रबरी आधार तपासावेत.

चालू इंजिनाच्या वायरींना तुम्ही मात्र कधीही हात लावू नका! त्याऐवजी हा प्रयोग करा. बंद पडलेली बॅटरी आणि तसलीच एक चालू बॅटरी घ्या. प्रथम फक्त सेल बदला, मग फक्त बल्ब. प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत लिहा. दोन्ही एकदम बदललेत, तर उजेड पडेल खरा, पण दोष कशात होता हे अंधारातच राहील.