सोयाबीनची कॅप्सूल आणि आबांची गोळी

आधीच सांगून टाकते. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द जरा जास्तच येतात. मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "मेसमध्ये बोलतेस तसं लिही, बाकीचं आम्ही बघू." म्हणून हे धाडस. विषय मात्र गंमतीचा नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आई-वडील, आजी-आजोबा बीपीच्या नाहीतर हार्टच्या गोळ्या घेतात. हॉस्टेलच्या स्टाफमध्येही असे कुणी असतील. त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

झालं असं. कागल तालुक्यात आमचं गाव. ऊस आहेच, आणि खरिपाला सोयाबीन. माझ्या आजोबांना आम्ही आबा म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातला एक व्हॉल्व्ह बदलून मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी वॉरफरिनची गोळी घेतात आणि महिन्याला एकदा कोल्हापूरला येऊन रक्त तपासून जातात. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर पाहुण्यांपैकी कुणीतरी त्यांना एक डबी आणून दिलेली. आबा म्हणाले, "हे बघ गं पोरी, इंग्रजीत काय लिवलंय. सोयाबीनचंच हाय म्हणं. आपलंच तर हाय की!"

मी ऐटीत वाचून दाखवलं. नॅट्टोकायनेज, २००० एफयू, हृदय आणि रक्ताभिसरणासाठी. मग माझी अक्कल पाजळली : "आबा, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नसणार. रक्त पातळ करतं म्हणे. घ्या की." आबांनी त्याचा सरळ अर्थ लावला. हेही रक्त पातळ करतं, तेही रक्त पातळ करतं, मग दोन कशाला? त्यांनी वॉरफरिन बंद केली. कुणाला सांगितलं नाही. पाच दिवसांनी तपासणीची तारीख आली तेव्हा ते उघडकीला आलं. पुढचं शेवटी सांगते. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ, कारण मी सुद्धा ते नंतरच वाचलं.

नॅट्टो म्हणजे काय?

नॅट्टो हा जपानमधला नाश्त्याचा पदार्थ. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, वाफवायचं, त्यात बॅसिलस सबटिलिस नावाचे जिवाणू मिसळायचे आणि साधारण ४० अंश सेल्सिअसला एक दिवस ठेवायचं. पूर्वी हे दाणे भाताच्या पेंढ्यात बांधून ठेवत, कारण ते जिवाणू पेंढ्यावर आपोआप असतात. तयार झालेले दाणे बुळबुळीत होतात, त्यांना चिकट तारा सुटतात आणि वास असा येतो की मेसमधली अर्धी मंडळी उठून जातील.

आपल्या देशातही याची भावंडं आहेत. सिक्कीम-दार्जिलिंगकडे किनेमा, मणिपूरमध्ये हवाइजार, मेघालयात तुंगरिंबाई, नागालँडमध्ये अखुनी. हवाइजारमधल्या जिवाणूंमध्येही गुठळी विरघळवणारी एन्झाइम्स सापडली आहेत. आपली इडली-ढोकळ्याची आंबवण वेगळी, तिथे मुख्यतः लॅक्टिक ॲसिड बनवणारे जिवाणू काम करतात. म्हणजे सोयाबीन खाल्लं की नॅट्टोकायनेज मिळालं, असं नाही. ते सोयाबीनमध्ये नसतंच, जिवाणू ते बनवतात. आबांच्या शेतातलं केडीएस ७२६, म्हणजे सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचं 'फुले संगम' वाण, कितीही भारी असलं तरी त्याच्या उसळीत हे एन्झाइम येणार नाही.

पेट्री डिशमधला चमत्कार

१९८० साली हिरोयुकी सुमी नावाचे जपानी संशोधक शिकागोत गुठळी विरघळवणाऱ्या पदार्थांवर काम करत होते. असं सांगतात की, त्यांनी पेट्री डिशमधल्या कृत्रिम गुठळीवर नॅट्टो ठेवून पाहिला आणि १८ तासांत त्याच्या भोवतालची गुठळी विरघळली. १९८७ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी यावर पेपर प्रसिद्ध केला आणि एन्झाइमला नॅट्टोकायनेज हे नाव मिळालं. हे २७५ अमिनो ॲसिडचं प्रोटीन आहे. त्याची ताकद एफयू म्हणजे फायब्रिन विरघळवण्याच्या युनिटमध्ये मोजतात. डबीवरचे २००० एफयू म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पण आपण इंजिनिअरिंगची मुलं. लॅबमध्ये काँक्रीटचा क्यूब पास झाला म्हणून पंचगंगेवरचा पूल पास झाला, असं कुणी म्हणेल का? डिशमध्ये एन्झाइम थेट गुठळीवर ठेवलेलं असतं. माणसाने गिळल्यावर त्याला आधी पोटातल्या ॲसिडमधून जायचं आहे, मग आतड्यातून रक्तात शिरायचं आहे. २०१३ साली ११ निरोगी लोकांवर केलेल्या अभ्यासात एका कॅप्सूलनंतर ते रक्तात थोड्या प्रमाणात सापडलं खरं. पण रक्तात सापडणं आणि रोग बरा होणं यात बरंच अंतर आहे.

'रक्त पातळ करणं' हा शब्दच चुकीचा

माझी आणि आबांची चूक इथे झाली. आपण म्हणतो रक्त पातळ होतं, तेव्हा डोळ्यांसमोर येतं ऑइलमध्ये थिनर टाकल्यासारखं काहीतरी. पण या गोळ्यांनी रक्ताची व्हिस्कॉसिटी कमी होत नाही. प्रत्येक औषध गुठळीच्या प्रोसेसमध्ये वेगळ्या ठिकाणी काम करतं.

गुठळी होताना आधी प्लेटलेट्स एकमेकांना चिकटतात. ॲस्पिरिन इथे अडवते. त्याच वेळी लिव्हरने तयार केलेले क्लॉटिंग फॅक्टर एकामागून एक चालू होतात आणि शेवटी फायब्रिनचं जाळं विणलं जातं. यातले चार फॅक्टर बनायला व्हिटॅमिन के लागतं. वॉरफरिन ते व्हिटॅमिन के पुन्हा वापरू देत नाही, म्हणून जाळं सहज विणलं जात नाही. नॅट्टोकायनेजचं लॅबमधलं मुख्य काम त्यानंतरचं : विणलेलं फायब्रिनचं जाळं तोडणं. म्हणजे एक गोळी गुठळी बनू देत नाही, आणि दुसरी कॅप्सूल बनलेली तोडते असा दावा आहे. एकीच्या जागी दुसरी कशी चालेल?

मेकॅनिकल व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या भाषेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. शरीराच्या दृष्टीने तो परका, आणि त्याच्या सांध्यापाशी रक्त थोडं रेंगाळतं. तिथे गुठळी बसली तर व्हॉल्व्ह अडकतो, किंवा गुठळी सुटून मेंदूकडे जाते. म्हणून आबांना वॉरफरिन जन्मभर. अमेरिकेत एका पेशंटने अशा व्हॉल्व्हसाठी वॉरफरिन सोडून नॅट्टोकायनेज घेतलं, व्हॉल्व्हवर गुठळी झाली आणि ऑपरेशन करून व्हॉल्व्ह पुन्हा बदलावा लागला. २०१५ साली ही केस छापून आली आहे.

गंमत म्हणजे नॅट्टो हा पदार्थ खाल्ला तर उलटंच होतं. त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्यामुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. जपानमध्ये वॉरफरिन घेणाऱ्यांना नॅट्टो खाऊ नका असं सांगतात. कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा हे व्हिटॅमिन काढून टाकलेलं असतं, पण मग दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्राव वाढण्याची भीती. ॲस्पिरिनसोबत नॅट्टोकायनेज घेणाऱ्या एका पेशंटला मेंदूत रक्तस्राव झाल्याची केस २००८ साली नोंदलेली आहे.

चाचण्यांचे आकडे

मग नॅट्टोकायनेज अगदीच फुकट का? तसंही नाही. २००८ साली कोरियातल्या एका चाचणीत थोडं जास्त बीपी असलेल्या ७३ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. रोज २००० एफयू घेणाऱ्यांचं वरचं बीपी प्लासिबोपेक्षा सरासरी साडेपाच अंकांनी जास्त उतरलं. पण २०२१ साली अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली : २६५ निरोगी माणसं, साधारण तीन वर्षं, तोच २००० एफयूचा डोस. रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी वाढण्यात आणि बीपीमध्ये प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही. २०२२ साली चीनमधून १०६२ लोकांचा अभ्यास आला. त्यात १०,८०० एफयूने फायदा दिसला, ३६०० एफयूने दिसला नाही. मात्र त्यात प्लासिबो गट नव्हता.

आता तुलना करा. स्ट्रेप्टोकायनेज हेही जिवाणूपासून मिळालेलं, गुठळी विरघळवणारं औषध, पण ते शिरेतून देतात. १९८६ साली इटलीत ते हार्ट अटॅकच्या अकरा हजारांहून जास्त पेशंटवर तपासलं गेलं. २१ दिवसांतला मृत्यूदर १३ टक्क्यांवरून १०.७ वर आला. औषध सिद्ध होतं ते असं. म्हणून छातीत दुखायला लागलं तर कॅप्सूल शोधू नका. १०८ ला फोन करा.

मग आबांचं काय झालं?

निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. आबांचा २.५ ते ३.५ हवा. तो आला १.४. डॉक्टरांनी लगेच वॉरफरिन सुरू केली, आकडा वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं दिली आणि इको करून व्हॉल्व्ह तपासला. नशिबाने गुठळी नव्हती. डॉक्टर आबांना रागावले नाहीत. त्यांनी डबी हातात घेतली आणि मला म्हणाले, "इंजिनिअरिंगला आहेस ना? हे बारीक अक्षर वाच." तिथे छापलं होतं : नॉट फॉर मेडिसिनल यूज. आपल्याकडे हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर हे लिहावंच लागतं. मी मोठं अक्षर वाचलं होतं, बारीक सोडून दिलं होतं. आम्ही लॅबमध्ये मशीनला हात लावायच्या आधी मॅन्युअल वाचतो, आणि आजोबांच्या हृदयासाठी मी डबीची एक बाजूसुद्धा पूर्ण वाचली नाही.

मी शिकले ते थोडक्यात :

१. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करायची नाही. वॉरफरिन तर नाहीच नाही.
२. वॉरफरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर नॅट्टोकायनेज डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. ऑपरेशन किंवा दात काढायच्या आधी तर घेत असल्याचं जरूर सांगायचं.
३. सोयाबीनची ॲलर्जी असेल तर लांब राहायचं.
४. 'नॅचरल' म्हणजे निर्धोक असं नाही. ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.
५. घरच्यांना इंग्रजी लेबल वाचून दाखवताना सगळं वाचायचं. समजलं नाही तर 'मला माहीत नाही' म्हणायचं. यात कमीपणा नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. आमच्यासारखी कॉलेजात गेलेली मुलं घरात बोलतात तेव्हा थोरली माणसं विश्वास ठेवतात. आबांनी पाहुण्यांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता.

परवा फोन केला तर आबा म्हणाले, "गोळी घेतली गं. आन् ह्या बारीला सोयाबीन निघालं की तू ये, उसळ करू. ती तरी चालतीया न्हवं?" मी म्हटलं, "थांबा आबा, डॉक्टरांना विचारून सांगते." विचारलं. चालते, म्हणाले.