‘बोर्ड बिघडला’ असे म्हणण्यापूर्वी

हल्ली पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळांतून तळहातावर मावेल असा एक छोटा बोर्ड दिसू लागला आहे. त्याचे नाव आर्डुइनो. इटलीतील इव्रेआ ह्या गावी २००५ साली तो प्रथम सिद्ध झाला. ज्यांनी विद्युत्‌शास्त्राचा अभ्यास केलेला नाही, अशा विद्यार्थ्यांनाही यंत्राला आज्ञा देता यावी, हा त्यामागील हेतू होता. आपल्या देशात २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन सुरू झाले आणि शाळाशाळांतून टिंकरिंग लॅब उभ्या राहू लागल्या. तेथून ह्या बोर्डाची ओळख सहावीपासूनच्या मुलांना होऊ लागली.

ह्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलर नावाची एक चिप असते. एका चिपमध्ये सामावलेला तो छोटासा संगणकच होय. ‘ऊनो’ ह्या प्रसिद्ध बोर्डावर एटीमेगा३२८पी ही चिप असून तिच्यात प्रोग्रॅम साठविण्यासाठी ३२ किलोबाइट जागा आहे. दिवा लुकलुकविण्याचा पहिला पाठ साधला की मुलांना कोण आनंद होतो! परंतु पुढे केव्हातरी पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांची लांबच लांब रांग उमटते. मराठी माध्यमात शिकणारा विद्यार्थी ती पाहून बावरतो. ‘बोर्ड बिघडला’ असा निकाल देऊन तो बोर्ड डब्यात ठेवतो आणि आपल्याला हा विषय जमणार नाही असे मनाशी ठरवून मोकळा होतो. जेथे दहा मुलांत एकच बोर्ड आहे, तेथे असा एक चुकीचा निकाल दहा जणांचा अभ्यास थांबवितो. हा निकाल देण्यापूर्वी काय तपासावे, ते ह्या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

दोन कामे, दोन दोष

आपण अपलोडचे बटण एकदाच दाबतो, पण त्यामागे दोन निरनिराळी कामे घडतात. प्रथम आपला प्रोग्रॅम तपासून त्याचे चिपला समजणाऱ्या भाषेत रूपांतर केले जाते. ह्याला कंपाइल करणे म्हणतात. नंतर तो तयार मजकूर केबलमधून बोर्डावर पाठविला जातो. हे अपलोड होय. पहिले काम घरी बसून पत्र शुद्ध लिहिण्यासारखे आहे, तर दुसरे ते पत्र टपालाने योग्य पत्त्यावर पोहोचविण्यासारखे. पत्रात व्याकरणाची चूक असेल तर पोस्टमनला दोष देऊन काय उपयोग? आणि पत्ता चुकला असेल तर पत्र पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून तरी काय साधणार?

कंपाइलचे काम सर्वस्वी संगणकात होते. बोर्ड जोडलेला नसला तरीही ते होऊ शकते. म्हणून कंपाइलमध्ये दोष आला असता बोर्डाला दोष देता येत नाही. कंपाइल पूर्ण झाल्याची खूणही पडद्यावर उमटते. प्रोग्रॅमने किती बाइट जागा घेतली आणि ऊनोवर जास्तीत जास्त ३२,२५६ बाइट उपलब्ध आहेत, असे सांगणारी ती ओळ होय. ती ओळ दिसण्यापूर्वीच गाडी अडली, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधावा. ती दिसून गेल्यावर अडली, तर दोष वाटेत शोधावा. एवढे एक ध्यानात ठेवले तरी निम्मे श्रम वाचतात.

भाषेतील दोष

पुष्कळ मुले शेवटची ओळ वाचतात. तेथे बहुधा ‘एक्झिट स्टेटस १’ असे असते. काम पार पडले नाही, एवढाच तिचा अर्थ. खरी माहिती वरच्या, पहिल्या दोषाच्या ओळीत असते. एका चुकीमुळे पुढे दहा दोष दिसू शकतात. म्हणून पहिला दोष दुरुस्त करावा, पुन्हा कंपाइल करावे आणि मगच पुढचा पाहावा. संदेशांची इंग्रजी वाक्ये भीतिदायक वाटली, तरी नेहमी भेटणारी वाक्ये थोडीच आहेत.

‘एक्स्पेक्टेड सेमिकोलन बिफोर’ म्हणजे अमुक शब्दाच्या आधी अर्धविराम हवा होता. आपण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देतो, तसा ह्या भाषेत आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. येथे एक गंमत आहे. संदेशात दाखविलेली ओळ पुष्कळदा निर्दोष असते आणि अर्धविराम तिच्या वरच्या ओळीत राहिलेला असतो. पुढचा शब्द भेटेपर्यंत वाक्य संपले नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही, हे त्याचे कारण.

‘नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप’ म्हणजे हे नाव येथे माझ्या परिचयाचे नाही. बहुधा नाव लिहिताना एखादे अक्षर बदललेले असते. इंग्रजी लिपीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे आहेत आणि ही भाषा त्यांत भेद मानते. देवनागरीत तसा भेद नसल्यामुळे आपल्या डोळ्यांना तो चटकन दिसत नाही. परंतु आपणही ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द एक मानीत नाही. एक दिवस, तर दुसरा गरीब. ऱ्हस्वदीर्घाकडे पाहावे त्याच दृष्टीने मोठ्या-लहान अक्षरांकडे पाहावे.

महिरपी कंस बंद करावयाचा राहिला, तर दोष प्रोग्रॅमच्या अगदी शेवटी दाखविला जातो. अशा वेळी ‘ऑटो फॉरमॅट’ ही सोय वापरावी. ओळी नीट मांडल्या गेल्या की कोणता कंस उघडा राहिला ते समासावरून उमगते. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे आले, तर बहुधा प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी संगणकावर बसविलेली नसते. ती लायब्ररी मॅनेजरमधून बसवावी.

मात्र कंपाइल झाले म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे असे समजू नये. ‘दगड पाणी पितो’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण अर्थाने नव्हे. तुलना करताना बरोबरची दोन चिन्हे द्यावयाची असतात. तेथे एकच दिले, तरी कंपाइल विनातक्रार होते आणि दिवा मात्र भलतेच वागतो.

वाटेतील दोष

आता अपलोडकडे वळू. येथे सर्वांत उपयोगी कसोटी म्हणजे उदाहरणांत तयार मिळणारा ‘ब्लिंक’ हा प्रोग्रॅम. त्याची भाषा निर्दोष आहे. तो अपलोड झाला, तर वाट मोकळी आहे. तोही अडला, तर पुढील क्रमाने पाहावे.

पहिली केबल. काही केबल केवळ फोन चार्ज करण्यासाठी असतात आणि त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतात. बोर्डावरील दिवा लागतो, म्हणून केबल चांगली आहे असा समज होतो. तो चुकीचा ठरू शकतो. दुसरे पोर्ट. पोर्टांची यादी पाहावी, बोर्ड काढावा व यादी पुन्हा पाहावी. जे नाव नाहीसे झाले तेच आपल्या बोर्डाचे. काहीच बदलले नाही, तर केबल किंवा ड्रायव्हर तपासावा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही चिप असते, व काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर निराळा बसवावा लागतो. लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ असे आले, तर वापरणाऱ्याचे नाव ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉग-इन करावे लागते.

तिसरी गोष्ट बोर्डाची निवड. मेनूत ‘मेगा’ निवडून ऊनो जोडला, तर पत्ता चुकल्यासारखेच होते. जुन्या धर्तीच्या ‘नॅनो’ बोर्डासाठी ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय निवडावा लागतो. चौथी गोष्ट, शून्य व एक क्रमांकाच्या पिना. संगणकाशी बोलणे ह्याच दोन पिनांवरून चालते. तेथे ब्लूटूथचे मॉड्यूल वा दुसरी तार लावलेली असेल, तर ती काढून मग अपलोड करावे.

‘नॉट इन सिंक’ हा संदेश दहा वेळा उमटला, म्हणजे संगणकाने दहा वेळा हाक मारली, पण ओळखीचे उत्तर आले नाही. बोर्ड रीसेट होताच चिपमधील बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम सुमारे एक सेकंद नव्या मजकुराची वाट पाहतो. त्या वेळात दोघांची गाठ पडली नाही, तर हा संदेश येतो. त्याची कारणेही बहुधा वरच्या चारांतच सापडतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर ऊनोसाठी एक शेवटची परीक्षा आहे. इतर सर्व तारा काढाव्यात. रीसेटची पिन ग्राउंडला जोडावी आणि नंतर शून्य व एक ह्या पिना एका तारेने एकमेकींना जोडाव्यात. सीरियल मॉनिटर उघडून काही अक्षरे पाठवावीत. ती जशीच्या तशी परत आली, तर केबल, ड्रायव्हर आणि बोर्डाचा यूएसबीचा भाग ठीक आहे. मग मात्र मुख्य चिपविषयी किंवा बूटलोडरविषयी शंका घेण्यास जागा आहे.

एका वेळी एकच बदल

ह्या साऱ्या तपासात एक शिस्त पाळावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत चार रकाने आखून तारीख, दोषाची पहिली ओळ, केलेला बदल व परिणाम लिहून ठेवावा. केबल, पोर्ट व प्रोग्रॅम एकदमच बदलले, तर यश आले तरी ते कशाने आले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तेच श्रम पुन्हा करावे लागतात.

नेहमीच्या अपलोडमध्ये बूटलोडरच्या जागेला धक्का लागत नाही. त्यामुळे चुकीच्या प्रोग्रॅममुळे बोर्ड कायमचा निकामी होईल अशी भीती बाळगू नये. बोर्ड खरोखर बिघडतो तो बहुधा चुकीच्या तारांमुळे. एका पिनेतून ४० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह कधीही जाऊ देऊ नये. मोटार थेट पिनेला जोडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत बिघडलेले म्हणून बाजूला ठेवलेले बोर्ड असतील, तर शिक्षकांची अनुमती घेऊन एक बोर्ड बाहेर काढा. त्यावर ‘ब्लिंक’ घाला, संदेशाची पहिली ओळ वहीत उतरवा आणि वर दिलेल्या क्रमाने तपासू लागा. तो चालू झाला, तर तुमच्या वर्गाला आणखी एक बोर्ड मिळेल.