हाडांची बेगमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोचले. ॲन आर्बरला थंडीचा कडाका सुरू झाला असून येत्या थँक्सगिव्हिंगला तुम्ही चौघे मित्र मिळून १४ पौंडांची टर्की भाजणार आहात हे वाचून समाधान वाटले. परंतु गेल्या वर्षी जेवणे आटोपल्यावर तिचा सांगाडा जसाच्या तसा कचऱ्याच्या पिशवीत बांधून टाकलात, हे जे तू त्याच पत्रात सहज लिहून गेलास, त्याने मन खिन्न झाले, आणि म्हणून हे पत्र सणापूर्वीच तुझ्या हाती पडावे अशा बेताने लिहीत आहे.

१८६३ साली, अमेरिकेतले यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी जाहीरनामा काढून जो दिवस साऱ्या राष्ट्रासाठी मुक्रर केला आणि १९४१ साली तिथल्या काँग्रेसने कायदा करून जो नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी कायम केला, त्या सणाचे नावच मुळी आभाराचे आहे. आभार मानावयाचे, आणि ज्याचा जीव घेतला त्याचा उरला देह उकिरड्यावर टाकावयाचा, या दोन गोष्टींची संगती मला लागत नाही. शिवाय मेक्सिकोत माणसाळवला गेलेला हा पक्षी आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही; जहांगीर बादशहासाठी मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या जिनसांत तो होता, बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले, आणि उस्ताद मन्सूरने १६१२च्या सुमारास काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही पाहावयास मिळते.

आता मुद्द्याचे सांगते. गुरुवारी रात्री पाने उचलली की गप्पांत रमण्यापूर्वी हाडांना चिकटलेले मांस बोटांनी सोडवून वेगळ्या डब्यात भर, सांगाडा मधोमध मोडून दुसऱ्या भांड्यात घाल, आणि टर्की भट्टीतून काढल्यापासून दोन तासांच्या आत दोन्ही शीतकपाटात जातील अशी तजवीज कर. शुक्रवारी सारे शहर दुकानांतल्या स्वस्ताईकडे धावते. तू घरी राहा. मोठ्या पातेल्यात सांगाडा, मान, पंखांची टोके आणि पेटा घाल (कलेजी मात्र नको, तिने रस कडवट होतो), वर दोन बोटे चढेल इतके गार पाणी ओत, सालासकट चिरलेला कांदा, गाजर, सेलरीच्या दांड्या, आल्याचा तुकडा, तमालपत्र आणि पाचसहा मिरी टाक, आणि मंद आचेवर तीन-चार तास ठेव. पाण्याला खळखळून उकळी येऊ देऊ नकोस; अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा, इतकीच आच हवी, कारण उकळीच्या माऱ्याने चरबी पाण्यात घुसळली जाऊन रस गढूळ होतो, तर मंद आचेवर कूर्चा आणि स्नायुबंध यांतले कोलॅजेन सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि गाळून गार केलेला तो रस दुसऱ्या दिवशी खरवसासारखा थिजलेला दिसतो. तो तसा थिजला म्हणजे हाडांनी आपल्याजवळचे सारे दिले असे समज. मीठ आरंभी घालू नये. पुष्कळदा पक्षी आधीच मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो, आणि रस आटता आटता खारट होतो.

हे तुला नवे वाटेल, पण नवे नाही. विषमज्वरातून तू उठलास तेव्हा आजीने कोल्हापूरच्या घरी वाटीवाटीने जी अळणी तुला पाजली, ती हीच विद्या. तिथे बकऱ्याचे मटण होते, इथे टर्कीची हाडे आहेत, एवढाच भेद.

एका बाबतीत मात्र माझ्याकडून घडलेली चूक तू करू नकोस. त्या देशातल्या माझ्या पहिल्या वर्षी, मध्यरात्रीपर्यंत शिजवलेला सहा लिटर रस पातेल्यातच झाकून मी निजले, आणि सकाळी झाकण काढले तो आंबूस वास. मोठ्या भांड्याच्या पोटात ऊब तासन् तास टिकते, आणि उकळीलाही दाद न देणारी काही जंतूंची बीजे त्या उबेत पुन्हा वाढीस लागतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो सारा रस ओतून देताना मला रडू आले होते. म्हणून गाळलेला रस लगेच पसरट भांड्यांत वाटून घे, अगर पातेले बर्फाच्या पाण्यात उभे करून ढवळत राहा, आणि मगच शीतकपाटात ठेव. तिथे तो तीन-चार दिवस टिकतो. गोठवल्यास काही महिन्यांची बेगमी होते. बाहेर बर्फ पडले आहे म्हणून भांडे गॅलरीत ठेवण्याचा मोह टाळ. थंडीचा भरवसा नसतो आणि रॅकूनचाही.

या रसाचे काय करावे, हे त्या देशातल्या घराघरांनी आपापल्या परीने ठरविलेले आहे. लुईझियानात सणाच्या दुसऱ्या दिवशी याच हाडांचा गंबो होतो. अमेरिकेतली चिनी कुटुंबे सांगाडा तांदळाबरोबर शिजवून जूक करतात, जी आपल्या पेजेची सख्खी बहीण शोभावी. तू पांढरा रस्सा कर. आले-लसणाची फोडणी, खसखस आणि काजूचे मऊ वाटण, मग हा रस, आणि अखेरीस नारळाचे दूध. ते घातल्यावर उकळी आणू नकोस, नाहीतर फुटेल. पण तुझ्या चौघांत जो माळकरी आहे, त्याच्यासाठी भाताचे पातेले आणि पळी निराळी ठेव, आणि ज्या पुलावात हा रस पडला असेल तो त्याच्या पानाजवळही न नेता आधी स्पष्ट सांग. काटकसरीच्या भरात कोणाचे व्रत नकळत मोडणे हे सांगाडा फेकण्याहून वाईट. गाळून उरलेली हाडे शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊ नकोस. शिजलेल्या हाडांच्या कपच्या घशात रुततात.

छातीवरचे बेचक्याच्या आकाराचे हाड तेवढे आधीच काढून खिडकीत वाळत ठेव. तिकडे दोघे जण त्याची दोन टोके ओढून मनात इच्छा धरतात, आणि तुमच्या घरी पाहुणी आलेली पोरे त्याची वाट पाहतील. डिसेंबरात परीक्षा आहेत. एक डबा गोठवून तेवढ्यासाठी राखून ठेव, आणि झाकणावर तारीख घालावयास विसरू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
आत्या