वायमारचे कलम ४८ : एका लोकशाहीचा कायदेशीर अंत

हिटलरने बंड करून सत्ता बळकावली, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. बंड त्याने केले होते हे खरे. पण ते नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिक येथे, आणि ते दुसऱ्याच दिवशी फसले. त्याबद्दल त्याला तुरुंगवासही झाला. पुढे ३० जानेवारी १९३३ रोजी तो चान्सेलर झाला, तो मात्र राष्ट्राध्यक्षांच्या सहीने, रीतसर नेमणूक होऊन. आधुनिक लोकशाही फॅसिझमकडे घसरू शकते काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर शोधायचे तर हिटलरच्या भाषणांपेक्षा जर्मनीच्या राज्यघटनेतील एका कलमाचा इतिहास पाहणे आम्हांला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिले महायुद्ध हरल्यानंतर जर्मनीने ऑगस्ट १९१९ मध्ये नवी राज्यघटना अमलात आणली. वायमार या गावी ती संमत झाली, म्हणून त्या राजवटीला वायमार प्रजासत्ताक म्हणतात. ही घटना काही मागासलेली नव्हती. वीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना तिने मताधिकार दिला. इंग्लंडमधील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. भाषणस्वातंत्र्य, संघटनास्वातंत्र्य, कामगारांचे हक्क हे सारे तीत होते. आणि कलम ४८ ही होते.

सार्वजनिक सुरक्षितता गंभीररीत्या धोक्यात आल्यास राष्ट्राध्यक्षाने सैन्याची मदत घ्यावी व सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावेत, अशी मुभा या कलमाने दिली होती. त्याच्या आधारे वटहुकूमही निघू लागले. असा हुकूम रद्द करविण्याचा अधिकार संसदेला होता. परंतु कलम २५ अन्वये राष्ट्राध्यक्षाला संसदच विसर्जित करता येत असे. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच हाती कशी गेली, ते ध्यानात येते.

पहिले राष्ट्राध्यक्ष एबर्ट हे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे, लोकशाहीवर निष्ठा असलेले गृहस्थ. त्यांनीही कलम ४८ शंभराहून अधिक वेळा वापरले. कधी उठाव मोडण्यासाठी, कधी १९२३च्या भयंकर चलनवाढीला आवर घालण्यासाठी. त्यांचा हेतू प्रजासत्ताक वाचविण्याचाच होता. पण अडचण आली की वटहुकूम काढावा, ही सवय चांगल्या माणसाने लावली, हे विसरून चालणार नाही.

१९२८च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मते व १२ जागा मिळाल्या होत्या. मग महामंदी आली. मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याच्या वर्गणीच्या वादावरून आघाडी सरकार पडले आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी ब्रूनिंग यांना चान्सेलर नेमले. त्यांची आर्थिक योजना जुलैमध्ये संसदेने फेटाळली, तेव्हा ती वटहुकुमाने लागू करण्यात आली. संसदेने वटहुकूम रद्द करविला, तर संसदच विसर्जित झाली! सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ जागांवर गेले. १९३२ साली संसदेने अवघे पाच कायदे केले; राष्ट्राध्यक्षांचे वटहुकूम मात्र साठांच्या आसपास निघाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात चान्सेलर पापेन यांनी याच कलमाच्या जोरावर प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचे सरकार बरखास्त केले. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच संसदेवाचून राज्य चालते, हे लोकांच्या अंगवळणी पडले होते.

मुक्त वातावरणातील निवडणुकीत नाझींना बहुमत कधीच मिळाले नाही. जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के, आणि नोव्हेंबरमध्ये उतरून ३३ टक्के. पक्ष ओसरू लागला असतानाच पापेन आणि मंडळींनी हिटलरला चान्सेलरपदी बसविले. मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी तिघेच, बाकी जुने सनातनी; तेव्हा हा आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब होता.

पुढचे सारे आठ आठवड्यांत घडले. २७ फेब्रुवारीस संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली हुकूम निघून सातही हक्क स्थगित झाले, ते राजवट संपेपर्यंत परत मिळाले नाहीत. ५ मार्चच्या दहशतीतील निवडणुकीतही नाझींना ४३.९ टक्केच मते पडली. २३ मार्चला सरकारला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार देणारे विधेयक आले. कम्युनिस्टांच्या ८१ सभासदांना सभागृहात येऊच दिले नाही. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने आश्वासनांवर विसंबून होकार दिला. सभागृहात नाझी सैनिक उभे असताना सोशल डेमोक्रॅटांचे नेते ओटो वेल्स विरोधात बोलले आणि त्यांच्या पक्षाची ९४ मते विरुद्ध पडली. बाजूने ४४४. दोनच आठवड्यांनी ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आला. जुलैत दुसरा पक्ष काढणे हा गुन्हा ठरला. एवढे होऊनही वायमारची घटना नाझींनी औपचारिकपणे कधी रद्द केली नाही.

या इतिहासाचा आपल्या घटनेशी संबंध आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना परिषदेत आणीबाणीच्या तरतुदींवर बोलताना ह. वि. कामत यांनी वायमारच्या घटनेचेच उदाहरण दिले होते. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात डॉ. बाबासाहेबांनी सांगितले की, लोकशाहीचा सांगाडा तसाच राहून आत हुकूमशाही येणे शक्य आहे. आणि राजकारणातील भक्ती त्याच वाटेला नेते. जून १९७५ मध्ये ‘अंतर्गत अशांतता’ या कारणास्तव आणीबाणी पुकारली गेली, तीही घटनेच्या कलम ३५२ खालीच. आपल्याकडे १९७७ मध्ये निवडणूक झाली व सरकार बदलले, हा मोठा फरक. पण तो फरक कलमाने नव्हे, मतदारांनी केला.

आणखी एक दुवा फारसा कोणाला ठाऊक नसतो. फेब्रुवारी १९६५ मध्ये डीट्रिच कॉनरॅड या जर्मन प्राध्यापकांनी बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. वायमारचा अनुभव त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दोनतृतीयांश मतांनी कलम २१ च रद्द केले तर चालेल काय, असा त्यांचा सवाल होता. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने घटनेची मूळ चौकट अबाधित ठरली, आणि न्या. खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनरॅड यांचा आधार घेतला.

विद्यार्थ्यांनी कलम ३५२ हे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे, असे दोन्ही काढून वाचावे. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द का आले, मंत्रिमंडळाचा सल्ला लेखीच का हवा आणि कलम २० व २१ आणीबाणीतही का स्थगित होत नाहीत, यावर टिपण करून अभ्यासवर्गात आणावे.