प्रथिनाची घडी आणि माणसाची स्मृती

आपल्या जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एखादे वृद्ध माणूस घरची वाट विसरू लागले, पोटच्या मुलाला ओळखेनासे झाले, की आजही दोन उद्गार कानी पडतात. ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ हा पहिला आणि ‘काहीतरी बाहेरचे लागले आहे’ हा दुसरा. पहिल्यामुळे उपचार टळतात. दुसऱ्यामुळे रुग्णाला देवऋषीच्या दारी बसविले जाते. या समजुतींना विज्ञानाने दिलेले उत्तर प्रा. जयंत उदगावकर यांच्या संशोधनाच्या आधारे वाचकांसमोर ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून आरंभ कालक्रमाने करतो. 1906 साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूचे मरणोत्तर निरीक्षण जगापुढे मांडले. त्या मेंदूत पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते आढळले होते. हे थर व गुंते प्रथिनांचे असतात, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले. गुंत्यांतील प्रथिनाचे नाव टाऊ.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. बहुतेक प्रथिनांची माळ विशिष्ट घडी घेते, तेव्हाच ती शरीरात आपले काम करते. अंडे उकडले की पातळ पांढरा भाग घट्ट होतो. तेथे मणी तेच राहतात. मात्र उष्णतेने घडी मोडते आणि माळा एकमेकींत अडकतात.

ही घडी कशी पडते व कशी बिघडते, याच प्रश्नाला उदगावकरांनी आपले आयुष्य दिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी आणि मद्रासच्या आयआयटीतून रसायनशास्त्राची एम.एस्सी. संपादन करून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले व 1986 साली पीएच.डी. झाले. त्यानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट बाल्डविन यांच्यासमवेत त्यांनी रायबोन्यूक्लिएज या प्रथिनाची घडी टप्प्याटप्प्याने पडते, याचा पुरावा 1988 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. 1990 पासून बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांनी संशोधन केले. 2000 साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला आणि 2017 मध्ये ते पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झाले.

त्यांनी दीर्घकाळ अभ्यासलेले बार्स्टार हे जिवाणूतील प्रथिन अवघ्या 89 मण्यांचे आहे. त्याचा स्मृतिभ्रंशाशी काहीही संबंध नाही. तरीही आम्लधर्मी द्रावणात ठेवून उष्णता दिली की हेच निरुपद्रवी प्रथिन मेंदूतील विकारांत आढळणाऱ्या तंतूंसारखे तंतू बनविते. मणी तेच, माळ तीच. परिस्थिती बदलली आणि परिणाम बदलला. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेने टाऊ आणि प्रायॉन या प्रत्यक्ष रोगांशी निगडित प्रथिनांकडे लक्ष वळविले. टाऊला पक्की घडी नसतेच. निरोगी चेतापेशीत ते सूक्ष्मनलिकांना आधार देते. तेच एकमेकांना चिकटून तंतू कोणत्या क्रमाने व किती वेगाने होतात, हे या प्रयोगशाळेने मोजले. तंतू बनण्याची वाट कळल्याखेरीज ती अडविण्याचे औषध शोधणे कठीण.

या अभ्यासातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. स्मृतिभ्रंशाला कारण आहे आणि ते शरीरात आहे. तो कोणाचा कोप नव्हे, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. परंतु प्रत्येक विस्मरण अल्झायमर नसते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते आणि वेळीच उपचार केल्यास ती सुधारू शकते. म्हणून घरातील वडीलधारे विसरू लागले, तर पहिली फेरी रुग्णालयाची व्हावी. निदान काहीही होवो, त्यांना चारचौघांत हसू नये, खोलीत कोंडू नये. पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे.

आपल्या वसतिगृहातील विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बारावीनंतर प्रवेश परीक्षेद्वारे आयसरसारख्या संस्थांत जाता येते. एकच प्रश्न चिकाटीने तीन दशके धरून ठेवणारे संशोधक आपल्या शाळेतूनही घडावेत, अशी आमची अपेक्षा आहे. ज्या आजी-आजोबांनी मोलमजुरी करून आपल्याला शिकविले, त्यांच्या विस्मरणाचे कारण शोधणे हे त्या शिक्षणाचे सार्थक ठरेल.