आधी विम्याचा भाव, मग गाडी

ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. वापरलेली छोटी गाडी दीड-दोन हजार पौंडांत सहज मिळते. त्याच गाडीच्या पहिल्या वर्षाच्या विम्याला मात्र तेवढेच, कधी त्याहून जास्त पैसे मागितले जातात. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या आईवडिलांना हा आकडा पहिल्यांदा दिसला की कुठेतरी शून्य जास्त पडलंय असंच वाटतं. आपल्याकडे कारच्या थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. जून २०२२पासूनचा दर हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि पंधराशे सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीची किंमत, वय आणि शहर बघून ठरतो. चालवणारा अठराचा की अठ्ठावन्नचा, याने त्या हिशेबात फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये हिशेब तिथूनच सुरू होतो.

वायव्य लंडनच्या हॅरो भागात राहणारा माझा भाचा, ताईचा मुलगा, अठराव्या वर्षी चाचणी पास झाला. सुट्टीतल्या कामाचे पैसे साठले होते. जाहिरातीत त्याला २००७ सालची दोन लिटर डिझेल इंजिनाची हॅचबॅक दिसली. किंमत १,३०० पौंड, रंग चकचकीत, आतून स्वच्छ. विकणाऱ्याने गाडी दारात आणून दिली, पैसे घेतले आणि मालक बदलल्याची नोंद ऑनलाइन करून टाकली. विम्याची चौकशी पोराने त्या रात्री सुरू केली. काही कंपन्यांनी सरळ नकार दिला. ज्यांनी दर दिला त्यांचा आकडा तीन हजार पौंडांच्या वर होता.

पुढचे धक्के त्याच रात्री बसले. ऑक्टोबर २०१४पासून ब्रिटनमध्ये गाडीसोबत रोड टॅक्स नव्या मालकाकडे जात नाही. मालकी बदलली की जुना कर संपतो. २०११पासून असाही नियम आहे की गाडी चालवा अथवा नुसती उभी ठेवा, तिचा विमा हवाच. नको असेल तर गाडी रस्त्यावर नाही असं जाहीर करायचं आणि ती खासगी जागेत ठेवायची. ताईच्या घराला अशी जागा नव्हती. त्यात २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनच्या सगळ्या उपनगरांत यूलेझ, म्हणजे कमी प्रदूषणाच्या क्षेत्राचा नियम लागू आहे. साधारण सप्टेंबर २०१५च्या आधीची डिझेल कार तिथे चालवली की दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. पेट्रोल कार साधारण २००६नंतरची असली तर ते भरावे लागत नाहीत. म्हणजे तेवढ्याच वयाची पेट्रोल गाडी घेतली असती तर हा खर्च शून्य होता. शेवटी एका व्यापाऱ्याने ती गाडी निम्म्याच्या थोड्या वर भावाने उचलली.

पोरगा बेजबाबदार होता असं मुळीच नाही. त्याने इंजिन तपासलं होतं, टायर बघितले होते, मायलेज विचारलं होतं. गाडी स्वस्त म्हणजे विमाही स्वस्त, हे तो न विचारताच धरून चालला होता, आणि असं धरून चालणारी माणसं मला सगळ्या वयांची भेटली आहेत.

ब्रिटनमध्ये मोटारविमा १९३०च्या कायद्याने सक्तीचा झाला, तोच मुळी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी. आजही कोणी जखमी झालं किंवा मेलं तर त्या भरपाईला तिथे वरची मर्यादा नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च लाखो पौंडांत जातो. तेराशे पौंडांची गाडी पूर्ण चेपली तर कंपनीचं नुकसान तेराशे पौंडांचं. तिने दुसऱ्याला धडक दिली तर ते कितीही असू शकतं. विम्याचा दर या दुसऱ्या शक्यतेचा असतो. नवखा चालक, रात्रीची वेळ, गाडीत मित्र आणि हाताशी मोठं इंजिन, ही जुळणी विमा कंपन्या अनेक दशकांच्या दाव्यांतून ओळखतात. पूर्वी मुलींना कमी दर मिळे. युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२पासून स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. वय मात्र बघता येतं, आणि पत्ताही. एकाच शहरात पिनकोड बदलला तर आकडा बदलतो.

दर मुख्यतः दुसऱ्याच्या नुकसानीचा असल्याने फक्त थर्ड पार्टी विमा घेऊन पैसे वाचतील हा भारतातून नेलेला हिशेब तिथे बऱ्याचदा उलटा पडतो. तरुण चालकाला पूर्ण विमा कधी कधी त्याहून स्वस्त मिळतो. दोन्ही दर मागवून बघायचे.

गाडीची निवड कशावर करायची, तर विमा गटावर. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांना १ ते ५० असे गट दिलेले आहेत. १ सगळ्यांत स्वस्त. नव्या गाड्यांसाठी २०२४पासून वेगळी पद्धत आली आहे, पण दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला अजून हा गटच उपयोगी. तो ठरवताना इंजिनाची ताकद, दुरुस्तीला लागणारा वेळ, सुट्या भागांची किंमत, चोरीपासूनचं संरक्षण असं बरंच काही पाहतात. म्हणून तीसेक वर्षांची गाडी बारा वर्षांच्या गाडीपेक्षा महाग पडू शकते. ऑक्टोबर १९९८च्या आधीच्या अनेक गाड्यांत इमोबिलायझरच नाही, कारण तोवर नव्या गाड्यांना तो सक्तीचा नव्हता.

तरुणांच्या आवाक्यातल्या गाड्यांची नावं ब्रिटनमध्ये घराघरात पाठ आहेत. फोक्सवॅगन अप आणि तिच्या जुळ्या बहिणी स्कोडा सिटीगो व सिआट मी. यांतली साठ अश्वशक्तीची अप गट १मध्ये येते. टोयोटा आयगो, प्यूजो १०७ आणि सिट्रोएन सी१ या तिन्ही २००५पासून चेक प्रजासत्ताकातल्या कोलीन गावी एकाच कारखान्यात बनल्या. इंजिन तेच, ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तरीही टोयोटाचा बिल्ला असलेली गाडी वापरलेल्या बाजारात महाग जाते. भाच्याने दुसऱ्या खेपेस तिघींचेही नंबर टाकून दर मागवले आणि २०१२ची सी१ घेतली. या तिन्हींत क्लच लवकर झिजतो आणि पाण्याचा पंप गळतो, हे घेण्याआधी तपासायला हवं. टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी आहे, त्यामुळे ठरावीक मैलांनी पट्टा बदलण्याचा खर्च वाचतो.

या यादीत भारतात बनलेल्या गाड्याही आहेत, हे मराठी वाचकाला सुखावेल. पहिल्या पिढीची ह्युंदाई आय१० चेन्नईजवळच्या कारखान्यातून ब्रिटनला गेली. तिथली २००९नंतरची सुझुकी आल्टो म्हणजे आपली मारुती ए-स्टार, हरियाणातल्या मानेसरची. तिचंच निसान पिक्सो हे दुसरं रूप. दोन्ही स्वस्त आहेत, पेट्रोल कमी पितात. पण युरो एनकॅपच्या धडक-चाचणीत २००९ साली त्या आल्टोला पाचपैकी तीन तारे मिळाले, तर २०११मध्ये अपला पाच. पोटच्या पोराला रस्त्यावर सोडताना हा फरक मला विम्यातल्या शे-दोनशे पौंडांहून मोठा वाटतो. जमलं तर गाडी घसरू न देणारी ईएसपी प्रणाली असलेलीच गाडी घ्यावी.

पुण्यात बनलेली टाटा इंडिका तर २००३पासून सिटीरोव्हर या नावाने ब्रिटनमध्ये विकली जात होती. २००५च्या एप्रिलमध्ये एमजी रोव्हर कंपनीच बुडाली आणि गाडी बंद झाली. आज एखादी मातीमोल भावात दिसली तरी पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये; आपुलकी वेगळी आणि सुटे भाग मिळणं वेगळं.

गाडी नजरेत भरली की पहिलं काम नंबर प्लेट टिपून घेण्याचं. दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर तो नंबर, खरा पत्ता, खरा व्यवसाय आणि परवान्याची तारीख टाकली की पैसे न देता आकडा मिळतो. विमा सुरू होण्याच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी विचारलं तर दर अनेकदा कमी असतो. उद्यापासून हवा म्हटलं की चढतो. त्याच नंबरावर सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीचा इतिहास फुकट दिसतो. कोणत्या वर्षी ब्रेक नापास झाले, गंज कुठे सापडला, मीटरवरचे मैल मधेच कमी झालेत का, सगळं तिथे आहे. गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि अपघातात ती बाद ठरवली होती का, हे वेगळे पैसे देऊन तपासावं लागतं. ‘कॅटेगरी एस’ म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत. दोन्ही दुरुस्त करून कायदेशीरपणे विकल्या जातात, पण काही कंपन्या त्यांचा विमा उतरवत नाहीत. व्ही५सी या नोंदणीपत्रावरचं नाव मालकीचा पुरावा नसतं, हेही लक्षात असावं. व्यापाऱ्याकडून घेतली तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. खासगी विक्रेत्याकडून घेताना एवढं संरक्षण नाही, म्हणून जाणता मेकॅनिक सोबत न्यावा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती. पहिली गाडी विकल्यावर ताईच्या ओळखीतल्या दोन-तीन जणांनी तिला सुचवलं, “विमा तुझ्या नावावर काढ, मुलाला नुसता जोडीचा चालक दाखव. सगळे तेच करतात.” आपल्याकडे घरची गाडी वडिलांच्या नावावर असते आणि पोरं ती बिनदिक्कत चालवतात, त्यामुळे यात कोणाला वावगं वाटत नाही. ब्रिटनमध्ये याला ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक आहे. गाडी मुख्यतः मुलगा चालवतो आणि कागदावर आई मुख्य चालक, हे अपघातानंतरच्या चौकशीत उघडं पडतं: कॉलेजच्या पार्किंगची पावती, कामावर जाण्याची वेळ, फोनमधले संदेश. मग कंपनी विमा रद्द ठरवू शकते. समोरच्याला दिलेली भरपाई घरच्यांकडून वसूल होऊ शकते. विमा नसताना गाडी चालवल्याची नोंद झाली तर तीनशे पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण, आणि १९९५च्या कायद्याप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत सहा गुण झाले की परवानाच रद्द. पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा दोन्ही चाचण्या. त्यानंतर जी कंपनी विमा देईल तिचा दर काय असेल?

ताईने हे केलं नाही. तिने उलटी रचना केली, जी पूर्ण कायदेशीर आहे: विमा मुलाच्या नावावर, तोच मुख्य चालक, आणि ती स्वतः कधीमधी गाडी चालवणारी दुसरी चालक. अनेक वर्षं अपघात न केलेली व्यक्ती जोडली की दर खाली येतो, आणि बिनदाव्याची सवलत मुलाच्या खात्यावर जमू लागते. त्यासोबत त्यांनी ब्लॅक बॉक्सवाला विमा घेतला. गाडीतलं उपकरण किंवा फोनमधलं ॲप वेग, ब्रेक, वळणं आणि वेळ नोंदवतं. सी१चा विमा तेव्हा चौदाशे पौंडांच्या आसपास बसला. डिझेल गाडीच्या निम्म्याहूनही कमी. पोराला सुरुवातीला पाळत ठेवल्यासारखं वाटलं. असे विमे घेताना अटी नीट वाचाव्यात. काहींत रात्री उशिरा चालवलं की गुण कापले जातात. रात्रपाळीचं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते परवडणारं नाही.

हप्त्याने पैसे भरले तर व्याज लागतं, म्हणून शक्य असेल तर वर्षाचे एकदम भरावेत. ‘स्वेच्छेचा’ वाटा वाढवला की दर उतरतो, पण दावा करताना तेवढी रक्कम खिशातून द्यावी लागते, आणि तरुणांसाठीचा सक्तीचा वाटा त्यावर असतोच. मोठी चाकं, बदललेला सायलेन्सर, काळ्या काचा, जे काही मूळ गाडीत नव्हतं ते कळवलंच पाहिजे, आधीच्या मालकाने बसवलेलं असलं तरी.

समाजमाध्यमांवर निम्म्या दरात विमा देतो म्हणणारे दलाल भेटतात. ते खोटी कागदपत्रं देतात, किंवा खोटं वय आणि पत्ता टाकून खराच विमा काढतात आणि तो नंतर रद्द करून परतावा खिशात घालतात. चालवणारा मात्र आपल्याकडे विमा आहे या समजुतीत राहतो. मोटार इन्शुरर्स ब्युरोच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीचा नंबर टाकून विमा खरोखर नोंदला आहे का ते बघता येतं.

शिकायला किंवा नोकरीला नव्याने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय परवान्यावर तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. तो परवाना नुसता बदलून मिळत नाही. तिथली लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही चाचण्या द्याव्या लागतात. भारतातली बिनदाव्याची वर्षं बहुतेक कंपन्या धरत नाहीत, आणि परदेशी परवान्यावर दर चढा लागतो. त्यामुळे पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या तिशीतल्या इंजिनिअरलाही पहिल्या वर्षी विशीतल्या पोराच्या दराची तयारी ठेवावी लागते. चाचणीची तारीख मिळायला बऱ्याच ठिकाणी महिनोन्‌महिने लागतात, म्हणून शिकाऊ परवान्याचा अर्ज पोहोचल्या-पोहोचल्या करावा, आणि गाड्यांच्या जाहिराती त्यानंतर उघडाव्यात.